मोरीत टिकेल ती चॉपस्टिक

भाईंदर पूर्वेला नवघर रोड, गोडदेव या बाजूच्या गाळ्यांत स्टीलची भांडी बनतात. डबे, वाट्या, पळ्या, चमचे. मी इथल्या कारखानदारांना चमचे-काट्यांची डिझाइनं करून देते. हल्ली त्यात चॉपस्टिकची भर पडली आहे, कारण हक्का नूडल्स आणि मोमो आता गाडीवरून घरच्या टेबलावर आले आहेत. या कामात जे कळत गेलं ते लिहिते आहे.

१. लांबी आधी ठरवा, आणि ती कॅटलॉगमधून उचलू नका. चिनी चॉपस्टिक साधारण २६-२७ सेंटिमीटरची, बोथट टोकाची. मधे ठेवलेल्या बशांपर्यंत हात पोचायला हवा म्हणून लांब. जपानी तेवीसच्या आसपास आणि टोकदार, कारण तिथे वाडगा ज्याचा त्याला आणि माशाचे काटे काढायचे असतात. कोरियन चॉपस्टिक धातूची, बहुधा चपटी, आणि सोबत लांब दांड्याचा चमचा. आपल्याकडे नूडल्स मधे येतात, पण जो तो आपल्या बशीत वाढून घेतो. म्हणजे तेवीस पुरे. शिवाय आपल्या स्वयंपाकघरातला चमच्यांचा स्टँड बुटका. त्यात लांब चॉपस्टिक उभी केली की धक्का लागताच सगळं आडवं होतं.

२. भरीव सळईच्या नादी लागू नये. सहा मिलिमीटर जाडीची भरीव स्टीलची काडी पन्नास ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे जोडी शंभर ग्रॅमची. नवशिक्याचा अंगठा चार घासांत भरून येतो. तेवढ्याच जाडीचा, अर्ध्या मिलिमीटर पत्र्याचा पाइप घेतला तर एक काडी पंधरा-सोळा ग्रॅमवर येते.

पण पाइप घेतला की दोन्ही टोकं बंद करायला लागतात. स्वेजिंग मशीनवर पाइप निमुळता करायचा आणि तोंडं आर्गन वेल्डिंगने बुजवायची. खरी गोम इथे आहे. वेल्डमध्ये सुईच्या अग्राएवढं भोक राहिलं तर मोरीत पाणी आत शिरतं आणि बाहेर यायचं नाव घेत नाही. आठवडाभराने काडी हलवली की आत खळखळ, आणि वास. डोळ्यांना भोक दिसत नाही. त्याची परीक्षा साधी आहे: कडकडीत पाण्याच्या पातेल्यात काडी बुडवून ठेवायची. आतली हवा तापून फुगते आणि भोक असेल तिथून बारीक बुडबुड्यांची माळ निघते. अंगाला चिकटलेले सुटे बुडबुडे सगळ्याच काड्यांवर दिसतात, त्यांना भुलू नये. एकाच जागेवरून एकामागून एक येत राहिले तर काडी बाद. आणि हे पॉलिशच्या आधी करायचं. बफला लावतात ती मेणट वडी भोकात बसते, माल चाचणीत पास होतो आणि ग्राहकाच्या घरी फुटतो.

३. आरशासारखं पॉलिश दुकानात विकतं, टेबलावर नडतं. नूडल्स त्यावरून सरळ निसटतात. म्हणून टोकाकडचे शेवटचे दोन-अडीच सेंटिमीटर खरखरीत हवेत. लेथवर आडव्या खाचा काढतात, पण त्या खोल गेल्या की कोबीचा तंतू नि कॉर्नफ्लोअरचा चिकटा अडकून बसतो. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींनी एका नमुन्याकडे बघून विचारलं, "ताई, याला दात कशाला काढलेत?" तो नमुना तिथेच संपला. आता खाचा उथळ, कडा मारलेल्या. घासणीचा एक हात फिरला की साफ निघाल्या पाहिजेत.

४. धरायचा भाग चौकोनी, खायचं टोक गोल. घरंगळत नाही.

५. गिऱ्हाईक खिशातून लोहचुंबक काढतं तेव्हा वाद घालू नये, समजावून सांगावं. ३०४, २०२ आणि आपल्या भांड्यांत सर्रास वापरलं जाणारं जेफोर, तिन्ही स्टील मुळात चुंबकाला दाद देत नाहीत. तेव्हा चुंबक चिकटला नाही यावरून माल ३०४ ठरत नाही. उलट चोख ३०४ सुद्धा दाबून निमुळतं केल्यावर टोकाशी थोडं ओढतं. फरक निकेलचा आहे: ३०४ मध्ये साधारण आठ टक्के, जेफोरमध्ये जेमतेम एक, बाकीची जागा मँगनीज भरून काढतं. सोया सॉस, व्हिनेगर, मीठ यांच्याशी रोजची गाठ असलेल्या वस्तूला, त्यातून खाडी आणि मिठागरांच्या या हवेत, मी ३०४ शिवाय हात लावत नाही. पाइपचं मिलचं सर्टिफिकेट मागून घ्यावं.

६. चाचणी मंचुरियनच्या गोळ्यावर करा. गोल, तेलकट, जड. तो उचलला गेला तर बाकी सगळं उचललं जातं. हा पदार्थ चिनी नाहीच. नेल्सन वँग यांनी १९७५ च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात तो पहिल्यांदा केला असं सांगतात. भाईंदर पश्चिमेच्या जैन घरांत तो कांदा-लसणाशिवाय होतो आणि तितकाच निसटतो. भातावर मात्र चाचणी करू नये. जपानी तांदूळ शिजून चिकट होतो, त्याचा गोळा उचलता येतो. आपला वाडा कोलम मोकळा. आंबेमोहोराचा गरम भात थोडा साथ देतो, पण वरण पडलं की संपलं. वरणभातासाठी पाच बोटं आहेत. तिथे डिझायनरने लुडबुड करू नये.

७. धातूची आहे म्हणून तिला मॉडर्न म्हणू नका. कोरियात गोंगजू इथे १९७१ मध्ये राजा मुर्योंगची कबर सापडली. हा राजा इ. स. ५२३ मध्ये वारला. त्या कबरीतही काशाच्या चॉपस्टिक आणि चमचे होते.

८. रंगाचा मोह. दुकानदारांना सोनेरी आणि काळी चॉपस्टिक हवी असते, फोटोत छान दिसते म्हणून. पीव्हीडीचा, म्हणजे निर्वात यंत्रात चढवलेला, थर दिला तर तो बराच टिकतो, पण खर्च वाढतो. नुसता रंग मारला तर तारेच्या घासणीपुढे त्याचं काही चालत नाही, आणि आपल्याकडे तारेची घासणी नाही असं घर मला अजून भेटलेलं नाही. रंगवलेल्या मालाचं डिझाइन मागणाऱ्याला मी नाही म्हणते. तो दोन गाळे पुढे जाऊन करून घेतो, स्वस्तातही पडतं त्याला.