काकडीस लावावयाची आंबटगोड फेसलेली मोहरी

श्रावण-भाद्रपदात आपल्या पनवेल तालुक्यात मांडवावरची काकडी घरच्यांस पुरून उरते. थोडीबहुत बाजारात न्यावी तर गाडीभाडेही सुटत नाही, व ठेवावी तर चार दिवसांत पिवळी पडून बी धरते. मग रोज कोशिंबीर होते. परंतु दही व दाण्याच्या कुटाची तीच ती कोशिंबीर पाचव्या दिवशी मुले ताटाच्या कडेस सारतात. आमच्या घरी या दिवसांत आई मोहरी फेसून, तीत गूळ व चिंच घालून काकडीस लावीत असे, आणि मग काकडी कधी उरली असे स्मरत नाही. अलीकडे आंबटगोड मोहरीच्या तयार बाटल्या दुकानांत मिळतात व शेतकऱ्यांची मुलेही त्या विकत आणतात. जो जिन्नस पाट्यावर पाव तासात होतो त्यास रोख पैसे मोजणे मला तरी रुचत नाही. म्हणून ही कृती, तिच्या कारणासह, सभासद बंधूंपुढे ठेवीत आहे.

प्रथम माझी स्वतःची फजिती सांगतो. सारी हयात तहसील कचेरीत कारकुनी करण्यात गेल्यामुळे कागदावर नसलेल्या गोष्टीवर माझा विश्वास कमी. आई म्हणत असे, "अरे, मोहरीला आधी गार पाणी पाज, मग स्वस्थ बस, आणि मग आंबट दाखव." यास मी बायकांचा रिवाज समजून चाललो, व ती असेतोवर कारण काही विचारले नाही. ती गेल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी गौरी-गणपतीच्या दिवसांत कुटुंब मुलीच्या बाळंतपणास गेलेले आणि घरी पाहुणे आलेले. वेळ वाचावा म्हणून मी चिंच कढत पाण्यात कोळली आणि मोहरी त्या कढत कोळातच वाटून घेतली. तिखटपणाचा लवलेश नाही, नुसते कडू. उणे पडले असेल अशा समजुतीने दुसऱ्या दिवशी मोहरी दुप्पट घातली, तो कडूपणाही दुप्पट झाला. पाहुणे भले, काही बोलले नाहीत. पण पाने उचलताना काकडी जशीच्या तशी दिसली. त्या दिवशी आईचे वाक्य आठवले, आणि त्यामागे काय आहे याचा शोध मी पुढे कृषिविषयक पुस्तकांतून घेतला.

मोहरीचा दाणा हुंगला असता त्यास वास येत नाही, ही गोष्ट प्रत्येकाने अनुभवलेली आहे. तिखटपणा दाण्यात तयार नसतोच. दाण्यामध्ये सिनिग्रिन नावाचे एक द्रव्य असते आणि त्यापासून निराळ्या कोठड्यांत मायरोसिनेज नावाचे विकर असते. दाणा फुटून त्यात पाणी शिरले म्हणजे ही दोन्ही एकत्र येतात, व विकराच्या क्रियेने सिनिग्रिनचे विघटन होऊन नाकास झोंबणारे उडते तेल निर्माण होते. या क्रियेस पाणी पाहिजे, थोडा वेळ पाहिजे, आणि उष्णता नको. कढत पाण्याने विकर मरते. आंबटाने त्याचे काम खुंटते. मी एकाच वेळी दोन्ही अपराध केले होते. फोडणीतील मोहरी नाकास का चढत नाही याचेही उत्तर यातच आहे: तापलेल्या तेलात पडताच विकर नष्ट होते व उरतो तो केवळ खमंगपणा. उलटपक्षी, तिखटपणा एकदा पुरता उतरला आणि मग आंबट घातले, तर तो तेथेच स्थिर होऊन बराच टिकतो. आईच्या तीन शब्दांत हे सारे शास्त्र होते; मी मात्र तिला एकदाही "का?" म्हणून विचारले नाही.

आता कृती. अर्धा किलो काकडीस चहाचे दीड ते दोन चमचे मोहरी पुरते. मोहरी निवडून, पाट्यावर वा खलात प्रथम कोरडी भरडावी, नंतर चिमूटभर मीठ घालून गार पाण्याचा थेंब थेंब शिंतोडा देत वाटावी. एकदम पाणी ओतल्यास दाणे वरवंट्याखालून निसटतात. वाटता वाटता तिचा रंग फिकट पिवळा होतो, ती फुगून फेसाळते, आणि तोंड जवळ नेल्यास डोळ्यांत पाणी येते. हेच फेसणे. मिक्सरच्या लहान भांड्यातही होते, परंतु यंत्र सतत चालविल्यास भांडे तापते व श्रम फुकट जातात. म्हणून थांबून थांबून फिरवावे. फेसलेली मोहरी वाटीत काढून झाकण घालावे व दहा मिनिटे तीस मुळीच हात लावू नये. या दहा मिनिटांतच सर्व काही होते. तेवढ्यात काकडी चोचवून, मीठ लावून, सुटलेले पाणी पिळून ठेवावी. पाणी न पिळल्यास सर्व पाणचट होते.

मागाहून मोठ्या सुपारीएवढी चिंच गार पाण्यात भिजवून काढलेला दाट कोळ आणि चाळीस-पन्नास ग्रॅम चिरलेला गूळ मोहरीत मिसळावा. गूळ विरघळल्यावर घाण्याचे कच्चे शेंगदाणा तेल दोन मोठे चमचे, धार बारीक धरून, दुसऱ्या हाताने एकसारखे घोटीत घालावे. तेल व पाणी एरवी एकमेकांस धरीत नाहीत. परंतु मोहरीच्या सालीतील बुळबुळीत अंशामुळे ती काही वेळ एकजीव राहतात आणि लावण्यास साईसारखा दाटपणा येतो. चिंच नसेल तर लिंबाचा रस चालतो, रंगही उजळ राहतो. मीठ शेवटी चाखून घालावे, कारण काकडीत ते अगोदरच आहे. हे सर्व पानावर बसण्याच्या वेळीच काकडीस लावावे.

काकडी संपली म्हणून मोहरीचा उपयोग संपत नाही. ज्येष्ठात रायवळ आंब्यांची साले काढून, कोयीसकट ते याच मोहरी-गुळात घातले म्हणजे कोकणातील प्रसिद्ध रायते होते. गोमंतकात त्याच धर्तीवर ओले खोबरे वाटून घालतात व त्यास सासव म्हणतात. कोंकणीत सासव म्हणजे मोहरीच, संस्कृतातील सर्षप. दूरदेशीही हाच विचार दिसतो. फ्रान्समधील दिजाँ शहराची मोहरी जगभर नावाजलेली आहे. तेथे 1856 साली झाँ नेझों याने सिरक्याच्या जागी कच्च्या द्राक्षांचा आंबट रस घातला, आणि तीस निराळीच चव आली. आपली चिंच त्या रसाहून कमी आहे असे मला वाटत नाही. बाटलीतील मोहरी पुष्कळदा पांढऱ्या जातीची असते. ती जिभेस लागते पण नाकास झोंबत नाही, व तिचा गडद पिवळा रंग बहुधा हळदीचा असतो.

बियांविषयी एक इशारा दिल्यावाचून राहवत नाही. पिवळा धोत्रा बांधावर व पडीक जमिनीत माजतो. त्याचे बी मोहरीसारखेच दिसते आणि विषारी असते. 1998 साली दिल्लीत या बियांच्या तेलाची भेसळ झालेल्या मोहरीच्या तेलाने जलोदरासारखी सूज येऊन माणसे दगावली. मोहरीचा दाणा गुळगुळीत व चिरडल्यास आतून पिवळा. धोत्र्याचा दाणा काळसर, खरबरीत व आतून पांढरा. सुटी मोहरी आणल्यास मूठभर पांढऱ्या कागदावर पसरून पाहावी, संशयास्पद दाणे नखाने चिरडावेत. आपला तालुका मोहरीचा नव्हे, भाताचा व वालाचा. तथापि भातकापणीनंतर, ओल असेतो, वालाच्या कडेने एक-दोन वाफे मोहरी टाकल्यास घरखर्चापुरती मिळते. मावा पडतो, तिकडे लक्ष असावे. शेंगा पिवळ्या पडताच सकाळी दवात कापाव्यात. उन्हात कापल्यास शेंगा तडकून निम्मे दाणे जमिनीस जातात.

उरलेले लावणे काचेच्या वा चिनी मातीच्या बरणीत, थंड जागी, दोन-तीन दिवस राहते. तिखटपणा मात्र रोज थोडा उतरतो. पितळी वा तांब्याच्या भांड्यात ते ठेवू नये, चिंचेने भांडे कळकते. बरणीच्या तळाशी राहील ते उकडलेल्या लाल भोपळ्याच्या फोडींस चोळावे. आमच्याकडे त्यासाठी हल्ली मुद्दाम थोडे जास्त फेसतात.