दुव्यावरची दलाली : नवागतांचे चुकणारे हिशेब

दलाली हा शब्द मराठीत उगीचच बदनाम झाला आहे. बाजार समितीतील अडते, पोस्टाच्या अल्पबचतीचे एजंट, सायंकाळी दुकानादुकानांतून पिग्मी गोळा करणारे प्रतिनिधी हे सारे दलालीवरच चरितार्थ चालवितात आणि त्यांच्यावाचून आपले व्यवहार अडतात. या मंडळींचे खरे भांडवल म्हणजे त्यांची ओळख. माल खोटा निघाला तर उद्या पुन्हा त्याच गल्लीतून जायचे आहे, याचे भान त्यांना सुटत नाही.

इंटरनेटवर याच व्यवसायाने अॅफिलिएट मार्केटिंग हे नाव धारण केले आहे. एखाद्या कंपनीकडे नाव नोंदवायचे, तिने दिलेली सांकेतिक लिंक आपल्या लेखात, व्हिडिओखाली किंवा संदेशात द्यायची आणि त्या लिंकवरून कोणी खरेदी केली की ठरलेली टक्केवारी घ्यायची, असे त्याचे स्वरूप आहे. अॅमेझॉनने अमेरिकेत जुलै १९९६ मध्ये ही पद्धत सुरू केली. जून २०१३ मध्ये ती कंपनी भारतात आली आणि त्यानंतर येथील विद्यार्थी, गृहिणी, निवृत्त कर्मचारी असे अनेकजण या मार्गाकडे वळले. दुकान नको, माल साठवायला नको, उधारी वसूल करायला नको, हे त्याचे आकर्षण. मात्र पहिल्या काही महिन्यांतच बहुतेकांचा विरस होतो. तो का होतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

टक्केवारीचा मोह

नवागताची पहिली चूक अंकगणिताची असते. समजा, आपल्या पाककृतींच्या चॅनेलवर ३,००० रुपयांच्या मिक्सरची लिंक दिली आणि त्यावर ४ टक्के दलाली आहे. व्हिडिओ एक हजार लोकांनी पाहिला, चाळीस जणांनी लिंक उघडली, दोघांनी मिक्सर घेतला. दलाली झाली २४० रुपये. त्यांपैकी एकाने मिक्सर परत केला, तर उरले १२० रुपये. मनातला हिशेब मात्र हजार प्रेक्षकांवरून मांडलेला असतो. वास्तविक पैसा मिळतो तो टिकलेल्या विक्रीवर. पाहणाऱ्यांच्या आणि लिंक दाबणाऱ्यांच्या संख्येला येथे मोल नाही.

त्यातच मुदतीची गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. लिंक उघडणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये एक छोटी नोंद राहते आणि तिच्या आधारे ग्राहक कोणी पाठविला हे कंपनीला कळते. अॅमेझॉनच्या योजनेत ही नोंद साधारणतः २४ तास चालते. आज लिंक पाहून घरच्यांशी विचारविनिमय करणारा आणि चार दिवसांनी थेट संकेतस्थळावर जाऊन वस्तू घेणारा ग्राहक आपला मोजला जात नाही. मध्येच त्याने दुसऱ्या कोणाची लिंक उघडली, तर श्रेय त्या दुसऱ्याचे. दलालीची रक्कमही महिना संपल्यावर सुमारे साठ दिवसांनी हाती येते. ऑक्टोबरातील दिवाळीच्या विक्रीचे पैसे डिसेंबरअखेरीस मिळणार असतील, तर त्यांच्या भरवशावर दिवाळीतच हप्त्याने नवा कॅमेरा घेणे धाडसाचेच म्हणावे लागेल.

सगळी मदार एकाच कंपनीवर ठेवणे हीही अशीच चूक. एप्रिल २०२० मध्ये अॅमेझॉनने अमेरिकेतील दलालीचे दर उतरविले. फर्निचर व गृहसुधारणेच्या वस्तूंवरील ८ टक्के एकदम ३ टक्क्यांवर आले, किराण्यावरील ५ टक्के १ टक्क्यावर. वर्षानुवर्षे बसविलेली घडी त्या एका सूचनेने विसकटली. करारात दर बदलण्याचा अधिकार कंपनीकडे असतोच; तो मजकूर वाचण्याचा कंटाळा मात्र सार्वत्रिक आहे. याच मजकुरात स्वतःच्या लिंकवरून स्वतः खरेदी करू नये, अशी अट बहुधा असते. घरचा किराणा आपल्याच लिंकवरून मागविणाऱ्याचे खाते बंद होऊन साठलेली दलालीही जाऊ शकते. याहून पुढे जाऊन, लोकांच्या नकळत त्यांच्या ब्राउझरमध्ये अशा नोंदी पेरणाऱ्यांवर ईबे कंपनीने अमेरिकेत २००८ मध्ये दावा केला होता. त्या प्रकरणातून उद्भवलेल्या फौजदारी खटल्यात २०१४ मध्ये तुरुंगवासाची शिक्षाही झाली.

शिफारस कोणाच्या हिताची?

जिथे दलाली अधिक, तीच वस्तू उत्तम, असे नवागताला वाटू लागते, आणि व्यवसाय खऱ्या अर्थाने बिघडतो तो येथे. न वापरलेल्या वस्तूची भलामण करणारा गृहस्थ आपली ओळखच विकत असतो. वित्तीय सेवांच्या बाबतीत हे अधिकच गंभीर आहे. क्रेडिट कार्ड, डिमॅट खाते, कर्ज देणारी अॅप्स यांवर टक्केवारी नसून प्रत्येक मंजूर अर्जामागे ठोक रक्कम मिळते आणि ती मिक्सरच्या दलालीपेक्षा पुष्कळ मोठी असते. मग पुतण्या, शेजारी, जुने सहाध्यायी अशा सर्वांना लिंक जाते. भिडेखातर चारचार कार्डांसाठी अर्ज केले जातात. प्रत्येक अर्जाच्या वेळी बँक अर्जदाराचा पतअहवाल मागविते, ती चौकशी अहवालात नोंदली जाते आणि थोड्या काळात अशा अनेक चौकश्या झाल्या की पतगुणांक घसरू शकतो. अर्ज नाकारला गेला तरी चौकशीची नोंद राहते. पुढे त्याच पुतण्याला गृहकर्ज हवे असते, तेव्हा व्याजदर ठरविताना हा गुणांक समोर येतो. काकांना मिळालेल्या दलालीची खरी किंमत कोणी मोजली, हे त्या दिवशी कळते.

आपल्याला दलाली मिळते हे लपविणे, ही आता केवळ नीतीची बाब राहिलेली नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ९ जून २०२२ रोजी दिशाभूल करणाऱ्या जाहिराती व शिफारशींविषयी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली आणि जानेवारी २०२३ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने समाजमाध्यमांवरून शिफारस करणाऱ्यांसाठी त्यांचे सोपे विवरण प्रसिद्ध केले. आर्थिक लाभाचा संबंध ठळकपणे व सोप्या भाषेत सांगावा, शिफारस स्वतःच्या खऱ्या मतावर आणि पुरेशा माहितीवर किंवा अनुभवावर आधारलेली असावी, असे त्यांचे सार आहे. दिशाभूल करणाऱ्या शिफारशीबद्दल १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसेच केल्यास ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये आहे. ‘या लिंकवरून खरेदी केल्यास मला दलाली मिळते’ असे एक वाक्य लिंकच्या आधी लिहावे. व्हिडिओत असेल तर तोंडाने सांगावे. खपावर परिणाम होईल ही भीती बव्हंशी अनाठायी आहे. विमा एजंटाला कमिशन मिळते हे ठाऊक असूनही आपण त्याच्याकडूनच विमा घेतो.

कर, खाते आणि नोकरीचे नियम

दलाली हे करपात्र उत्पन्न आहे. कंपनीने पैसे देताना करावयाची उगमस्थानची करकपात १ ऑक्टोबर २०२४ पासून ५ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आणण्यात आली आणि वार्षिक १५ हजारांची मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून २० हजार रुपये झाली. पॅन दिलेला नसेल तर कपात कितीतरी जास्त होते. कर कापला गेला म्हणजे विवरणपत्र भरायला नको, हा समज चुकीचा. छोट्या व्यावसायिकांना मिळणारी अनुमानित उत्पन्नाची सोय दलालीच्या उत्पन्नाला लागू नाही, हे तर पुष्कळांना नोटीस आल्यावरच कळते. त्यामुळे इंटरनेट, कॅमेरा, जाहिरात यांवरील खर्चाच्या पावत्या जपाव्यात आणि या व्यवहारांसाठी वेगळे खाते ठेवावे. वर्षअखेरी खातेउताऱ्यावरूनच निम्मा हिशेब तयार मिळतो.

आपल्या कर्मचारी वाचकांसाठी येथे एक सूचना करणे आवश्यक वाटते. सार्वजनिक क्षेत्रातील बँकांच्या अधिकाऱ्यांच्या वर्तणूक नियमांनुसार पूर्वपरवानगीवाचून कोणताही व्यापार वा व्यवसाय करता येत नाही, आणि पत्नीच्या किंवा कुटुंबीयांच्या कमिशन एजन्सीसाठी स्वतः प्रचार करणे हाही नियमभंग ठरतो. तेव्हा पत्नीच्या नावावर नोंदणी करून शाखेच्या व्हॉट्सअॅप गटावर लिंका टाकण्यापूर्वी कार्मिक विभागाकडे लेखी विचारणा केलेली बरी.

शेवटी, या नावाखाली चालणाऱ्या फसवणुकीविषयी. खऱ्या योजनेत नोंदणीसाठी पैसे द्यावे लागत नाहीत. टेलिग्रामवर ‘घरबसल्या अॅफिलिएट काम’ देणारे आधी दीडदोनशे रुपये प्रत्यक्ष खात्यात जमा करतात, विश्वास बसला की ‘पुढील कामासाठी’ आगाऊ रक्कम मागतात आणि मग ती परत मिळावी म्हणून आणखी मोठी. याचाच दुसरा प्रकार खाते वापरू देण्याचा. परक्याचे पैसे आपल्या खात्यात घेऊन पुढे पाठवायचे आणि त्यावर ‘कमिशन’ ठेवायचे, असे सुचविले जाते. तो पैसा बहुधा दुसऱ्या कोणाच्या फसवणुकीचा असतो. खाते गोठविले जाते आणि पोलिसांपुढे उत्तर खातेदाराला द्यावे लागते. अशा रीतीने पैसे गेले असतील, तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी, व्यवहाराचा क्रमांक व संदेशांच्या प्रती जपून ठेवाव्यात आणि त्याच दिवशी आपल्या शाखेलाही कळवावे. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी ती अडविता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच सर्वाधिक असते.