वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर: खाणे, औषधे आणि रोजचे जगणे

स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा ७५ ते ८० टक्के भाग कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची एक अरुंद नळी उरते. तिच्यात सुरुवातीला १०० ते १५० मिलिलिटर, म्हणजे एका वाटीएवढेच मावते. भूक चाळवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः काढून टाकलेल्या भागात तयार होत असते, त्यामुळे पहिले काही महिने भूकही मंदावते. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला जेमतेम ३० मिलिलिटरची पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. अन्न कमी मावतेच, शिवाय लोह, कॅल्शियम आणि बी-१२ यांचे शोषणही घटते.

नागपूरचे नितीन गडकरी यांनी २०११ मध्ये मुंबईत वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा ते भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष होते. मोठ्या माणसाच्या बातमीत शस्त्रक्रिया दिसते, नंतरची वर्षे दिसत नाहीत. यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याच्या रुग्णासाठी मोठे रुग्णालय म्हणजे राष्ट्रीय महामार्गावरून सुमारे दीडशे किलोमीटरवरचे नागपूर. तिथला मुक्काम बहुधा दोन-तीन दिवसांचा. पुढे सांभाळायचे ते घरच्यांनी आणि गावातल्या डॉक्टरांनी. म्हणून डिस्चार्ज कार्डाची एक प्रत घरात आणि एक फोटो मोबाइलमध्ये असावा. ‘पोटाचे ऑपरेशन झाले’ एवढे सांगणे पुरत नाही. स्लीव्ह की बायपास, हे रुग्णाला आणि घरातल्या निदान एका माणसाला नेमके सांगता आले पाहिजे.

शस्त्रक्रियेच्या दिवशीच रुग्णाला चालवतात, ते पायातील शिरांत रक्ताच्या गाठी होऊ नयेत म्हणून. घरी आल्यावरही दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे चालावे. हलके बैठे काम दोन-तीन आठवड्यांत सुरू होते, पण पाण्याचा हंडा, खताचे पोते, फवारणीचा पंप यांना चार ते सहा आठवडे हात लावू नये. पहिल्या दोन आठवड्यांत ताप, मिनिटाला १२० च्या पुढे जाणारी नाडी, धाप, वाढत जाणारी पोटदुखी किंवा डाव्या खांद्यात कळ यांपैकी काहीही दिसले तर टाक्यातून गळती होत असल्याची शंका घ्यावी. एका पोटरीला सूज आणि दुखणे हेही तितकेच तातडीचे. अशा वेळी सकाळपर्यंत वाट पाहू नये.

खाणे पायरीपायरीने वाढवतात. नेमके वेळापत्रक शस्त्रक्रिया करणाऱ्या चमूचेच पाळावे. साधारणपणे पहिले एक-दोन दिवस पाणी, नारळपाणी, डाळीचे गाळलेले पाणी. मग दोन आठवड्यांपर्यंत दूध, ताक, पातळ वरण आणि प्रथिनांची पावडर. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घोटलेले पदार्थ: तुरीचे घट्ट वरण, दही, कुस्करलेले पनीर, मऊ अंडे, विदर्भात ज्याला बेसन म्हणतात ते पातळ पिठले. पाचव्या-सहाव्या आठवड्यात मऊ शिजलेली भाजी, मासा, खिमा. ज्वारीची भाकरी यानंतर, आणि तीही पापुद्र्याचा लहानसा तुकडा वरणात पूर्ण भिजवून. मऊ पोळी आणि पाव सोपे वाटतात, पण त्यांचा चिकट गोळा होऊन अडकतो. भात फुगतो. अंबाडीसारख्या धागेदार भाज्या आणि मटणाचे चिवट तुकडे सर्वांत शेवटी.

दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिने लागतात आणि इथेच बहुतेकांचे गणित चुकते. दोन अंडी म्हणजे १२ ग्रॅम, ३०० मिलिलिटर दूध सुमारे १०, पन्नास ग्रॅम पनीर ९, वाटीभर घट्ट वरण ६ ते ७, वाटीभर दही ३ ते ४. हे सगळे दिवसभरात पोटात गेले तरी बेरीज चाळीसच्या आसपास येते. सोयाबीनच्या वड्या २५ ग्रॅम घातल्या तर आणखी १२-१३ ग्रॅम मिळतात. यवतमाळ जिल्ह्यात सोयाबीन अमाप पिकते आणि ताटात फारसे येत नाही, ही सवय या रुग्णाच्या घरात तरी बदलायला हवी. उरलेली तूट पावडरीने भरावी लागते. घास घ्यायचा क्रमही ठरलेला असावा: आधी अंडे, डाळ किंवा पनीर, मग भाजी, शेवटी भाकरी. वरणाचे वरचे पाणी पिऊन पोट भरले, तर डाळ वाटीतच राहते.

जेवायला वीस ते तीस मिनिटे द्यावीत आणि घास तोंडातच पातळ व्हावा. जेवताना पाणी पिऊ नये. जेवणाआधी आणि नंतर अर्धा तास अंतर ठेवावे. तरीही दिवसाला दीड ते दोन लिटर पाणी गेलेच पाहिजे. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा हे अवघड होते, कारण तहान लागली म्हणून तांब्याभर पाणी एका दमात पिणे आता शक्य नसते. बाटली जवळ ठेवून दर काही मिनिटांनी घोट घ्यावा. लघवी गडद पिवळी झाली की पाणी कमी पडते आहे. सोडा आणि थंड पेये नकोत.

लग्नाच्या पंगतीतला आग्रह या रुग्णाला खरोखर बाधतो. बायपासनंतर जिलेबी किंवा बुंदी खाल्ली की अर्ध्या तासाच्या आत धडधड, घाम, पोटात कळ आणि जुलाब होऊ शकतात, कारण साखर वेगाने आतड्यात उतरते. काहींना एक ते तीन तासांनी रक्तातील साखर घसरून थरथर सुटते. यजमानाने ‘एकच घ्या’ म्हणू नये, आणि घरच्यांनी रुग्णाच्या वतीने ठामपणे नाही म्हणावे.

उलट्यांचा प्रश्न सर्वांत गंभीर आहे. घाईने खाल्ल्यामुळे एखादी उलटी होते, त्यात घाबरण्यासारखे नाही. मात्र उलट्या दोन-तीन दिवस चालू राहिल्या तर थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व संपत जाते. शरीरातील त्याचा साठा दोन-तीन आठवड्यांचाच असतो. गावाकडची रीत अशी की अशक्तपणा आला, सलाईन लावा. त्या बाटलीत ग्लुकोज असेल आणि थायमिन आधी दिले नसेल, तर उरलेसुरले थायमिनही खर्ची पडते आणि मेंदूला इजा होऊ शकते. डोळ्यांपुढे दोन-दोन दिसणे, चालताना तोल जाणे, बोलण्यात गोंधळ ही त्याची लक्षणे. त्यामुळे उपजिल्हा रुग्णालयात असो वा खासगी दवाखान्यात, शस्त्रक्रियेची माहिती आणि उलट्यांचे दिवस आधी सांगावेत; ग्लुकोजच्या आधी थायमिनचे इंजेक्शन द्यावे, हे डिस्चार्ज कार्डावर ठळक लिहून घेतलेले बरे.

दुखण्याच्या गोळ्यांचेही तसेच. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांनी, विशेषतः बायपासनंतर, जोडावर व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो. अंगदुखीला पॅरासिटामॉल चालते. काळी शौच दिसली तर लगेच तपासणी. धूम्रपानानेही असे व्रण होतात, आणि खर्ऱ्यातल्या तंबाखूतही तेच निकोटिन असते; खर्रा शस्त्रक्रियेच्या आधीच सुटायला हवा. दारू पूर्वीपेक्षा लवकर आणि जास्त चढते, आणि काहींना नव्याने व्यसन लागते. मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी गोळी जुन्याच मात्रेत चालू ठेवली तर साखर धोकादायकरीत्या उतरते. मात्रा पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी.

जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभराच्या असतात. मल्टिव्हिटॅमिन, बी-१२, ड जीवनसत्त्व, लोह आणि दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम कॅल्शियम, तेही सायट्रेट स्वरूपात आणि दोन-तीन वेळांत विभागून. लोह आणि कॅल्शियम यांत दोन तासांचे अंतर हवे, आणि लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात. प्रथिने आणि लोह पुरेसे असेल तर ते पुन्हा येतात.

केळापूरच्या जगदंबेच्या नवरात्रात नऊ दिवस उपवास धरणाऱ्या घरांत प्रश्न येतोच. पहिले वर्षभर उपवास टाळावा. नंतर धरायचाच असेल तर साबुदाणा आणि तळणाऐवजी दूध, दही, पनीर, राजगिरा यांवर भर द्यावा आणि गोळ्या चुकवू नयेत.

वजन उतरू लागले की पाळी नियमित होते आणि गर्भधारणेची शक्यता वाढते. पण पहिले १२ ते १८ महिने गर्भ राहू देऊ नये. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्या नीट शोषल्या जातीलच असे नाही, म्हणून तांबीसारखा दुसरा उपाय निवडावा. पुढे दिवस गेल्यावर ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून केली जाणारी तपासणी अशा स्त्रीला बाधू शकते. तिने शस्त्रक्रियेबद्दल आधीच सांगावे. त्याऐवजी घरी ग्लुकोमीटरवर आठवडाभर साखर मोजता येते.

वजन साधारण वर्ष-दीड वर्षात सर्वांत खाली येते, मग थोडे वाढून स्थिरावते. जास्त वाढले तर कारण बहुधा थोड्या थोड्या खाण्यात सापडते: चिवडा, बिस्किटे, दिवसाकाठी पाच कप गोड चहा. बायपास झालेल्या माणसाला काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पोटात अचानक तीव्र मुरडा आला, तर आतडे अडकल्याची शक्यता असते. त्याला सोनोग्राफी पुरत नाही, सीटी स्कॅन आणि सर्जन असलेल्या ठिकाणी न्यावे. हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि अल्ब्युमिन यांच्या तपासण्या तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात, आणि त्यानंतर दरवर्षी कराव्यात. प्रत्येक वेळी नागपूर गाठावेच असे नाही. अहवाल मोबाइलवर पाठवून सल्ला घेता येतो. वर्षातून एकदा मात्र सर्जन आणि आहारतज्ज्ञ यांना समक्ष भेटावे.