सोटोला सोडणं चुकलं का?

प्रश्न : २०२३चा हंगाम फसल्यावर सॅन डिएगो पॅड्रेस या बेसबॉल संघाने हुआन सोटोसारखा फलंदाज यँकीजना का दिला?

उत्तर : नाइलाज होता, पण सौदा डोळसपणे झाला. पॅड्रेस त्या वर्षी ८२ सामने जिंकले, ८० हरले, प्लेऑफ हुकली. पगारखर्च सलग तिसऱ्या वर्षी लीगने ठरवलेल्या मर्यादेपलीकडे गेला की जादा रकमेवरचा कर पहिल्या वर्षीच्या २० टक्क्यांवरून किमान ५० टक्क्यांवर जातो. पॅड्रेस तिथे पोचले होते. त्यात सामने दाखवणाऱ्या केबल वाहिनीने पैसे देणं हंगामाच्या मध्येच थांबवलं. सोटोचं संघाकडे एकच वर्ष उरलं होतं, पगार तीन कोटी डॉलरच्या वर, आणि नंतर तो हव्या त्या संघात जायला मोकळा होणार हे उघड होतं.

जनरल मॅनेजर ए. जे. प्रेलर यांनी सोटो आणि आउटफिल्डर ट्रेंट ग्रिशम देऊन चार पिचर व एक कॅचर घेतला. त्यांतल्या मायकेल किंगने २०२४मध्ये १३ सामने जिंकून दिले. दुसरा, ड्रू थॉर्प, पुढे पिचर डिलन सीझला मिळवण्यासाठी कामी आला. त्या सीझने जुलैत नो-हिटर टाकला, म्हणजे पूर्ण सामन्यात एकही हिट दिला नाही! संघ ९३ सामने जिंकून प्लेऑफमध्ये गेला. चाहत्यांचा जीव तुटला हे खरं, तरी माझ्या मते निर्णय बरोबरच होता.