पाच लाखांची योजना आणि काउंटरवरची पहिली सही

आरोग्याच्या कामासाठी वस्त्यांत फिरताना हल्ली आम्हाला एकच प्रश्न विचारला जातो. "ताई, योजनेत पाच लाख मिळतात म्हणतात, मग दवाखान्यात डिपॉझिट का मागतात?" या प्रश्नामागे भीती आहे. एका ऑपरेशनपायी मंगळसूत्र मोडलेलं, बचत गटाचं कर्ज काढलेलं घर प्रत्येक गल्लीत आहे.

योजना जुनीच आहे. २ जुलै २०१२ ला आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, २०१७ मध्ये तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. आधी दीड लाखाचं संरक्षण होतं. जुलै २०२३ च्या निर्णयाने ते कुटुंबामागे वर्षाला पाच लाख झालं आणि पांढरं रेशनकार्डही त्यात आलं.

पण पाच लाख हातात मिळत नाहीत, खात्यातही येत नाहीत. उपचारांची यादी आहे, प्रत्येकाचं पॅकेज ठरलेलं आहे आणि ते पैसे परस्पर दवाखान्याला जातात. म्हणून तीन गोष्टी जुळाव्या लागतात: आजार यादीत हवा, दवाखाना योजनेत हवा, आणि त्या दवाखान्यात नेमका तो विभाग योजनेत हवा. बाहेर पाटी असते, पण हृदयाचं ऑपरेशन तिथे योजनेत नसतं, असं होतं. जुळलं, तर खाट, तपासण्या, औषधं, ऑपरेशनचं सामान, जेवण, परतीचं भाडं आणि घरी सोडल्यानंतर दहा दिवसांची फेरतपासणी सगळं पॅकेजमध्येच येतं. मग "हे इंजेक्शन बाहेरून आणा" ही चिठ्ठी कशासाठी? ती चिठ्ठी आणि मेडिकलचं बिल जपून ठेवा, तक्रारीला तोच पुरावा.

आता खरी अडचण. आम्ही वॉर्डात रात्रपाळ्या केलेल्या बायका आहोत. पेशंट स्ट्रेचरवर असतो, नातेवाईक घाबरलेले असतात, काउंटरवरून कागद पुढे येतो आणि न वाचता सही होते. त्या कागदावर बहुतेक वेळा लिहिलेलं असतं की आम्ही स्वखर्चाने उपचार घेत आहोत. एकदा 'कॅश पेशंट' अशी नोंद झाली की पुढे योजनेत घालताना नाकी नऊ येतात. म्हणून सहीआधी आरोग्यमित्र कुठे बसतात ते विचारा. योजनेतल्या प्रत्येक दवाखान्यात ते असतात. तातडीच्या केसमध्ये फोनवरून मंजुरी घेता येते आणि कागदपत्रं द्यायला ७२ तास मिळतात. "आधी कार्ड आणा, मग बघू" हे ऐकून घेऊ नका. नाहीच म्हणाले तर कारण लिहून मागा. लिहून द्या म्हटलं की बऱ्याचदा बोलण्याचा सूर बदलतो. योजनेचा फोन १५५३८८.

दवाखाना योजनेत नसला, तरी तो धर्मादाय आहे का ते बघा. मोठमोठी ट्रस्टची रुग्णालयं यात येतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशाने लागू झालेल्या योजनेप्रमाणे त्यांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवायच्या आहेत. तिथे वैद्यकीय समाजसेवकाला भेटा, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला सोबत ठेवा. ही काही दवाखान्याची मेहेरबानी नव्हे, ट्रस्ट म्हणून मिळालेल्या सवलतींची ती परतफेड आहे.

आणि खाजगीकडे धावण्याआधी: १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाची प्राथमिक आरोग्य केंद्रं, ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयं यांत केसपेपरपासून सगळं मोफत आहे. मेडिकल कॉलेजं आणि महापालिकेचे दवाखाने या निर्णयात नाहीत, तिथे घोटाळा होतो.

एक गोष्ट मात्र बोलायला हवी. बीपी-शुगरच्या महिन्याच्या गोळ्या, साधा ताप, बाहेरच्या बाहेर केलेली सोनोग्राफी यांना ही योजना हात लावत नाही, आणि गरिबाचा खिसा दर महिन्याला तिथेच फाटतो. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात २०२५ पर्यंत सरकारी खर्च देशाच्या उत्पन्नाच्या अडीच टक्के करू असं लिहिलं होतं. संविधानाच्या कलम ४७ मध्ये सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याचं कर्तव्य सांगितलं आहे. आमच्या मते ऑपरेशनचं पॅकेज मिळालं म्हणून गावातल्या आरोग्य केंद्रात डॉक्टर आणि गोळ्या मागणं सोडून चालणार नाही. ग्रामसभेत हा विषय बायकांनी काढावा.

येत्या रविवारी विहारात येताना घरचं रेशनकार्ड घेऊन या. त्यात नव्या सुनेचं, लहान लेकराचं नाव चढलं आहे का ते आपण एकत्र बसून बघू. सुनेचं नाव माहेरच्या कार्डावरच राहतं आणि नेमकं बाळंतपणात अडतं. नाव चढवायचा अर्ज तालुक्याच्या पुरवठा कार्यालयात द्यायचा असतो, भरायला आम्ही मदत करू. कार्डाचा आणि आधारचा फोटो घरातल्या दोघांच्या तरी मोबाईलमध्ये असू द्या.