फुलाचा एक्स-रे काढणाऱ्या भाचीला

पोरी, फुलांचे एक्स-रे काढून भिंतीवर लावायचा तुझा बेत मला मनापासून आवडला. पण घाई तुझ्या अंगातच आहे, म्हणून आधी एवढं ऐक.

१. जुनं यंत्र स्वस्तात मिळालं तरी घरी आणू नकोस. ओळखीच्या सेंटरमध्ये डॉक्टरांना विचारून, पेशंट संपल्यावर जा — एक्स-रे यंत्राला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो, आणि बटण टेक्निशियननंच दाबायचं.

२. हौसेसाठी स्वतःचा हात किंवा घरचं मांजर किरणांखाली धरायचं नाही, म्हणजे नाही — एडिसनचा मदतनीस क्लॅरन्स डॅली ट्यूबसमोर हात धरून धरून शेवटी १९०४ मध्ये गेला.

३. केव्ही, म्हणजे एक्स-रे ट्यूबचा विद्युतदाब, अगदी कमी ठेवायला सांग — छातीच्या एक्स-रेला शंभराच्या वरही नेतात, त्यात पाकळी विरूनच जाते. मॅमोग्राफीचं यंत्र पंचवीस-तीसच्या आसपास चालतं, म्हणून तिथे शीर न् शीर उमटते. पाकळीला फुंकर, हाडाला हातोडा!

४. फूल निवडताना त्याचा रंग विसर — किरणांना कळतं ते जाडी आणि घनता. तुझा लाडका भरगच्च गुलाब पाकळ्यांवर पाकळ्या चढून गिचमिड दिसेल. लिली, जास्वंद, निशिगंध घे. आणि एका वेळी एकच. लॉस एंजेलिसचे रेडिओलॉजिस्ट डॉ. डेन टास्कर यांनी १९३० च्या दशकात एकेकट्या फुलांचे एक्स-रे काढले; ते आधी पोटभर बघ. मोकळी जागा किती सोडायची, हे त्यांच्याइतकं चांगलं मला कुणीच शिकवलेलं नाही.

५. फूल डिटेक्टरला, म्हणजे चित्र टिपणाऱ्या पाटीला, जितकं टेकेल तितकं टेकव — इथे भिंग नाही, ही नुसती सावली आहे. अंतर पडलं की कडा पुसट होते.

६. देठ टिपून घे आणि खाली पातळ प्लास्टिक अंथर — पाण्याचा थेंबही चित्रात उमटतो, शिवाय उद्या सकाळी त्याच जागी पेशंट येणार आहे.

७. टाचणी नको, तार नको. देठ दोऱ्यानं सावर — धातू सगळ्यात आधी डोळ्यांत भरतो.

८. जेपीजीवर भागवू नकोस, मूळ डायकॉम फाइल माग — त्यात करड्याच्या हजारो छटा असतात, जेपीजीत २५६. नोंद मात्र फुलाच्याच नावानं करून घे. कुणा पेशंटचं नाव-वय तुझ्या सीडीवर येता कामा नये.

९. रंग चढवलास तर चित्राखाली तसं लिही — एक्स-रेला स्वतःचा रंग नसतो, आणि बघणाऱ्याला ते माहीत असेलच असं नाही.

१०. आईला सांग, फूल किरणोत्सारी होत नाही — देवाला वाहिलं तरी चालेल.

११. पहिली चांगली प्रत टेक्निशियनला दे आणि चित्राखाली त्याचंही नाव घाल — केव्ही त्यानं लावलं होतं.