वेलवर्गीय पिकांचे फळमाशीपासून संरक्षण

बालाघाटची डोंगररांग ज्या बीड जिल्ह्यातून जाते, त्या जिल्ह्यातील शेतकऱ्यास पाण्याचे मोल निराळे सांगावयास नको. २०१२-१३ व २०१५-१६ या टंचाईच्या वर्षांचा अनुभव सर्वांच्या गाठीस आहे. केज तालुक्यातील नांदूरघाटसारख्या गावी जो शेतकरी उन्हाळ्यात विहिरीत उरलेल्या पाण्यावर काकडी, खरबूज, टरबूज, दोडका किंवा डांगर घेतो, त्याच्या वेलावरील प्रत्येक फळात हे मोलाचे पाणीच साठविलेले असते. असे फळ काढणीच्या तोंडावर आतून सडलेले निघाले, म्हणजे बियाणे, खत व मजुरी यांबरोबर पाणीही वाया जाते. या नुकसानीस पुष्कळदा फळमाशी कारणीभूत असते. "फवारणी वेळेवर केली, तरी फळे सडलीच," अशी तक्रार अनेक शेतकरी करतात. ती खरी असते. तिचे कारण या किडीच्या जीवनक्रमात आहे.

किडीचा जीवनक्रम

फळमाशी तांबूस तपकिरी रंगाची असून तिच्या पारदर्शक पंखांवर गडद पट्टे असतात. मादी सुईसारख्या अवयवाने कोवळ्या फळाची साल टोचून आत अंडी घालते. डंखाच्या जागी चिकट रस झिरपतो व पुढे फळ तेथे वाकडे होते. एक-दोन दिवसांत अंड्यांतून बिनपायांच्या पांढरट अळ्या निघतात व गर खाऊ लागतात. त्यांच्यामागून कुजविणारे जंतू शिरतात आणि फळ सडून गळते. पूर्ण वाढलेल्या अळ्या फळातून बाहेर पडून जमिनीच्या वरच्या थरात कोषात जातात. उष्ण हवामानात आठ-दहा दिवसांत कोषातून नवीन माशी बाहेर पडते.

म्हणजे अंडी व अळ्या फळाच्या आत, तर कोष मातीच्या आड असतो. वेलावर फवारलेले औषध यांपैकी कोणापर्यंतही नीट पोहोचत नाही. उलट, सडके फळ बांधावर फेकले की त्यातील अळ्या तेथेच मातीत उतरतात. बांधावर टाकलेले फळ हे फळमाशीचे बियाणेच होय.

बंदोबस्ताचे उपाय

१. डंखलेली, वाकडी व गळलेली फळे दर दोन-तीन दिवसांनी वेचावीत. ती उकिरड्यावर, बांधावर किंवा ओढ्यात टाकू नयेत. जाड प्लास्टिकच्या पिशवीत भरून, तोंड घट्ट बांधून ती दोन आठवडे उन्हात ठेवावीत, अथवा दोन फूट खोल खड्ड्यात पुरून वर माती दाबावी.

२. पीक संपताच वेल व उरलेली फळे काढून टाकून जमीन नांगरावी. कोष उघडे पडून उन्हाने मरतात किंवा पक्षी ते वेचतात.

३. फूल लागण्याच्या सुमारास एकरी पाच-सहा गंध सापळे लावावेत. वेलवर्गीय पिकांसाठी 'क्यू-ल्यूर' नावाचे आमिष लागते. आंब्याच्या फळमाशीसाठी मिळणारे 'मिथाइल युजेनॉल' येथे उपयोगी पडत नाही. म्हणून खरेदी करताना नाव पाहून घ्यावे. या सापळ्यात केवळ नर येतात. सबब, सापळा लावला म्हणून फळे वेचण्याचे काम थांबवू नये.

४. माश्या दिवसाचा बराच वेळ शेजारच्या उंच झाडोऱ्यात विसावतात. शेताभोवती मक्याच्या ओळी लावून, गूळ व या पिकासाठी शिफारस असलेले कीटकनाशक यांचे आमिष त्या ओळींवर ठिकठिकाणी शिंपडावे. मात्रा डब्यावरील सूचनेप्रमाणेच घ्यावी.

पिकाचे इतर ताण

रोप लहान असता तांबडे भुंगेरे बीजदले कुरतडतात. भल्या पहाटे ते सुस्त असतात. त्या वेळी वेचून रॉकेलमिश्रित पाण्यात टाकावेत. पूर्वी यासाठी बीएचसीची भुकटी धुरळीत असत. तिच्यावर १९९७ पासून बंदी आहे. मावा, पांढरी माशी व फुलकिडे विषाणुरोग पसरवितात. लागवडीनंतर रोपांवर पांढरे आच्छादन कापड घातल्यास त्यांचा शिरकाव रोखता येतो. मात्र मादी फुले उमलू लागताच ते काढावे, अन्यथा मधमाशीस वाट राहत नाही.

प्रारंभी केवळ नर फुले येऊन गळतात. त्याने घाबरून औषध मारण्याचे कारण नाही; मादी फुले मागाहून येतात. काकडी, खरबूज व टरबूज यांची फुले सकाळी उमलतात व मधमाश्याही तेव्हाच येतात. म्हणून फवारणी अटळ असल्यास ती सायंकाळी करावी. दोडका व दुधी भोपळा यांची फुले मात्र सायंकाळी उमलतात, हे ध्यानात ठेवावे. मधमाश्या कमी झाल्या की फळे वेडीवाकडी होतात. वाकडे फळ दिसल्यास त्यावर डंख आहे की नाही, हे पाहूनच कारण ठरवावे.

पाणी एकदम तोडून मग भरपूर दिल्यास फळे तडकतात. ताण पडल्यास काकडी कडू होते. थोडे थोडे पाणी नियमाने देऊन वाफसा टिकवावा. भुरीसाठी गंधक वापरताना कडक ऊन टाळावे, कारण वेलवर्गीय पिकांची पाने त्याने करपतात.

एकोप्याची आवश्यकता

फळमाशी उडणारी कीड आहे. तिला बांध ठाऊक नाही. एकाने शेत स्वच्छ ठेवले व शेजाऱ्याने सडकी फळे तशीच सोडली, तर पहिल्याचे श्रम बहुतांशी व्यर्थ जातात. जपानच्या दक्षिणेकडील ओकिनावा व आसपासच्या बेटांवर हीच माशी माजली होती. तेथे आमिषाने माश्यांची संख्या घटविण्यात आली व प्रयोगशाळेत वंध्य केलेल्या असंख्य माश्या सोडण्यात आल्या. एकेक बेट घेऊन वर्षानुवर्षे काम चालले आणि १९९३ मध्ये ही कीड तेथून नाहीशी झाली. तेवढी साधने खेड्यात नसतात. परंतु एक शेत नव्हे, तर सारा परिसर एकदम हाती घेणे, हे त्यातील मर्म खेड्यासही लागू आहे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी वेलवर्गीय पिके घेणाऱ्यांची यादी करावी, लगतच्या शेतांचे गट पाडावेत आणि फळे वेचण्याचा वार सर्वांसाठी एकच ठरवावा. पहिल्या दिवशी एक डंखलेले फळ चिरून आतील अळ्या सर्वांस दाखवाव्यात. त्या एकदा डोळ्यांनी पाहिलेला शेतकरी पुन्हा सडके फळ बांधावर टाकण्यापूर्वी निश्चित विचार करील.